घरचं बी आणि पिवळी काच

१२ मे
ऑफिसातून बाद झालेले दोन प्रोजेक्टर आणि पारदर्शक कागद ठेवून भिंतीवर दाखवायचे दोन जुने ओव्हरहेड प्रोजेक्टर घरी आणले. भंगारातच जाणार होते. संतोष, आमचे नवरोबा, बघून म्हणाले, "आता भंगाराचं दुकान टाकायचं हाय का हितं?" कशाला आणलंस, हे काही विचारलं नाही.
सासूबाईंसाठी. नजरेच्या मधोमध डाग, कडेकडेचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाले, आता भिंग आणि भरपूर उजेड, एवढंच. हातातलं भिंग चालत नाही, भाताचं बी निवडायला दोन्ही हात लागतात. आंबेमोहोरात इंद्रायणीचा लांब दाणा शिरला की वेचून काढायचा, हे काम घरात त्यांचंच. दोन वर्षं एकच पालुपद, "डोळं नसू दे, माझ्या बोटांस्नी कळतंय." संतोष म्हणतो, औंदा दुकानातली बियाण्याची पिशवी आणू. तसं झालं तर सा.बा. दिवसभर नुसत्या बसून...
लिहवत नाही.

१५ मे
दोन्ही प्रोजेक्टर उघडले. एक नख गेलं. एकाही भिंगावर काही लिहिलेलं नाही. एक काच तर बारीक चौकटींची, एका दाण्याचे पन्नास दाखवते. काय उपयोग? बाकीची दारात धरून बघितली, मागे कागद. बाहेरचा फणस कागदावर उलटा, स्वच्छ उमटला की अंतर मोजायचं. जाड भिंगाचं अंतर चारच बोटं. दाणा झकास मोठा, पण खाली हातच जात नाही. बोंबला!
रंगीत काचा डब्यात भरून चिकटपट्टीवर नावं घातली. पिवळी हवी होती, पिवळ्या उजेडात कडा उठून दिसतात असं डॉक्टर म्हणालेले. निघाल्या लाल, हिरवी, निळी. पिवळी नाही म्हणजे नाही.
सा.बां.नी शेजारच्या शांताकाकूंना पायलीभर बी पाठवलं. दरवर्षी पाठवतात, काकू दुसऱ्या कुणाचं पेरत नाहीत. मीच देऊन आले.

१७ मे
ओव्हरहेडमधलं मोठं चपटं भिंग काढलं. प्लास्टिकचं, सुपाएवढं. दोन मिनिटं आनंद. मग दिसलं की प्रत्येक दाण्याला इंद्रधनुष्य, वर गोल गोल रेघा. सा.बा. म्हणाल्या, "भात पाण्यात बुडाल्यावानी दिसतंय गं." चिडून खिडकीत टाकलं. दुपारी गोधडीतून धूर! रुपयाएवढं भोक. संतोष नेमका तेव्हाच शिफ्टवरून आला. पुढचं लिहीत नाही.

२१ मे
ओव्हरहेडच्या डोक्यातलं भिंग. फणस हातभरावर उमटतो, दाणा जेमतेम मोठा. वैतागून दोन्ही ओव्हरहेडची एकावर एक ठेवली. अंतर निम्मं, दाणा चांगलाच मोठा, खाली हात जातो!! पाइपचा स्टँड केला. पडला. पुन्हा केला, वाकडा झाला. एम-सील केसांत. उद्या ऑफिसला अशीच जाणार.

२३ मे
सकाळी सा.बां.वर ओरडले. डब्यातली निळी काच काढून त्यांनी खिडकीत उभी केली होती. "माझ्या वस्तूंना हात कशाला लावता?"
त्या भिंतीकडे तिरप्या मानेनं बघत होत्या. "ते पिवळं ऊन कशाचं गं?"
काच निळी, ऊन पिवळं. म्हणजे निळं ती परत फेकते, आरपार सोडते ते पिवळंच. मी टेबलावर ठेवून वरून बघितली आणि 'निळी' लिहून मोकळी झाले. उजेडाकडे धरून बघायचं सुचलं नाही. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. माफी मागितली नाही, चहा करून दिला.

२५ मे
दिव्यापुढे पिवळी काच, वर दोन भिंगं, खाली सूप. सा.बा. बसल्या. मान तिरपी करून जागा शोधली. मग एकदम, "दिसतंय की!" मला रडूच आलं. संतोषला हाक मारणार होते, बघ म्हणून.
त्यांनी एक लांब दाणा वेचला. मग दुसरा. मग वेचतच राहिल्या. हात हळू झाला.
"हे मागच्या खेपेचं निवडल्यालं बी न्हवं?"
हो म्हणाले. त्यांनीच बोटांनी निवडून ठेवलेलं. शांताकाकूंना दिलं तेही ह्यातलंच.
"दोन वरसं मी लोकान्ला हे दिलं?"
दिवा बंद केला आणि उठल्या. जेवल्या नाहीत. कशाला केला मी हा उद्योग? बोटांना कळतंय असं समजून सुखात होत्या.

२६ मे
भिंगावर फडकं टाकलेलं. दिवसभर तसंच. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

२७ मे
सकाळी उठले तर सा.बा. टेबलापाशी. दिवा लावलेला, सूप पुढ्यात.
"शांताकडं जा. म्हणावं, ते बी पेरू नगंस, हितं आण. मी पुन्यांदा बघते."
धावत गेले. काकू घरात नव्हत्या. ओसरीच्या दोरीवर आमचीच बियाची पिशवी धुऊन वाळत घातलेली. बी पेरलं की कणगीत ओतलं, विचारायला चिटपाखरू नाही. रोपांच्या वाफ्यापर्यंत जायचा धीर झाला नाही.
परत आले. त्यांनी मान वर केली नाही, दाणे वेचत होत्या. म्हणाल्या, "आणलंस का?"