नववा डबा

वडसा,
भाऊबीजेचा दुसरा दिवस, १९५७

प्रिय मुखरू,

डोमाभाऊच्या सिनेमाच्या तंबूतल्या त्या मशीनची टर्रटर्र अजून माझ्या कानात आहे. आधी बाहेर तेलाचं इंजिन धपधप करायचं, मग आत टर्रटर्र सुरू व्हायची, आणि पडद्यावर उजेड पडायच्या आधीच बायामाणसं गप्प व्हायची. मी वर्गात कविता म्हणायला उभा राहिलो तरी इतकी शांतता मला कधी मिळाली नाही. ते मशीन चालवायचास तू, माझाच विद्यार्थी. म्हणून हे पत्र तुला, आणि म्हणूनच इतक्या रागानं.

नागपूरच्या साप्ताहिकातला तुझा लेख वाचला. काही सिनेमे का टिकतात! कथा भक्कम, गाणी सकस, म्हणून टिकतात म्हणे. आणि 'मोहवन'सारखे 'लोकांनीच विसरून टाकले'. कोणत्या लोकांनी रे? नागपुरात तो आठवडाभरही चालला नाही, कबूल. पण इथे सोळा वर्षं, सोळा मंडया चालला. दिवाळी सरली की बैलबंड्या जुंपून लोक मंडईच्या जत्रेला यायचे आणि उतरायच्या आधी विचारायचे, "मोहवन लागला का जी?" हे लोक लोक नव्हेत?

तो का टिकला, मी सांगतो. वाचनमालेतली कविता थोर असते म्हणून टिकते असं वाटतं का तुला? दरवर्षी एक वर्ग ती मोठ्यानं म्हणतो, म्हणून टिकते. आपलं मशीन एकच, म्हणून दर डब्यानंतर, तू पुढचं रीळ चढवेपर्यंत, दिवे लागायचे. तेवढ्यात मी एखादी कविता म्हणून घ्यायचो, कोणी मुरमुरे खायचं, कोणी पुढची गोष्ट शेजारणीला आधीच सांगून टाकायचं. आणि तिसरा डबा लागला की सोमारी ओरडायची. आधी आजीच्या कडेवरून, पुढे स्वतःच्या पायांवर उभी राहून. कुरखेड्याच्या वरच्या जंगलात शूटिंग झालं, तेव्हा मोहफुलं वेचणाऱ्या बायांत तिची माय होती. टोपली कमरेला धरून ती वळते आणि हसते. एवढंच. त्याच पावसाळ्यात ती तापानं गेली. मायचा दुसरा फोटो पोरीकडे नाही. "भाऊ, आणखी एक डाव!" ती म्हणायची, आणि तू कुरकुरत डबा उलटा गुंडाळून पुन्हा लावायचास. तंबूतल्या एकानंही कधी 'पुढे चालू द्या' म्हटलं नाही. उलट मुरमुरेवाली मनकर्णाबाई तुलाच झापायची, "तुही माय घरी हाये ना रे, म्हून कुरकुर करून राह्यला!"

गेल्या महिन्यात, तू आता नोकरी करतोस त्या फिल्म भाड्यानं देणाऱ्या ऑफिसचा कागद आला. 'जुनी, मागणी नसलेली, अपूर्ण प्रत परत करावी.' खाली सही तुझी. डोमाभाऊने आठही डबे रेल्वेनं पाठवले. मंडईसाठी डबे कधी परत येतील असं मी विचारलं, तर परवा तुझं उत्तर आलं : फिल्म धुऊन चांदी काढून घेतली, उरलेल्या पट्ट्या बांगड्यांच्या कारखान्याला गेल्या. बांगड्या, मुखरू! सोमारीची माय आज कोणाच्या मनगटावर आहे रे?

'अपूर्ण' लिहिताना तुझा हात अडखळला कसा नाही? नववा डबा का नव्हता, हे तुला ठाऊक होतं. त्यात नायिका मरते. पहिल्याच वर्षी डोमाभाऊ म्हणाला होता, "सणाचा दिवस व्हय, मास्तर. मंडईत माह्या तंबूतून मडं नाई निंगू देत मी." मीही मान डोलावली. आठव्या डब्यात ती नदी ओलांडते, तिथेच आपला सिनेमा संपू लागला. इथल्या माणसांच्या लेखी ती सोळा वर्षं जिवंत आहे. तो मरणाचा डबा डोमाभाऊने तंबूतही ठेवला नाही. कुठे दिला, आपण कधी विचारलंही नाही. आमच्या त्या शहाणपणानं सिनेमा अपूर्ण झाला, आणि अपूर्ण म्हणून तू तो मारलास. राग निम्मा माझ्यावरही आहे. पण तुझा वाटा मी कमी करणार नाही.

आता पत्र कशासाठी, ते सांगतो. परवा मंडई. सोमारी येईल, तंबूत जाऊन तिसऱ्या डब्याची वाट पाहील. जन्मभर पोरांना वाक्यं शिकवली, पण तिला सांगायचं हे एक वाक्य मला येत नाही. हे पत्र आजच्याच गाडीनं माणसाच्या हाती पाठवतोय, तू ये. 'लोकांनीच विसरून टाकले', हे तिच्यासमोर उभं राहून म्हणून दाखव. वर्गात कविता म्हणायचास तसं, खणखणीत.

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. उघडलं तर सोमारी. मंडईला अजून दोन दिवस, पाय धुळीनं भरलेले, डोक्यावर फडक्यात बांधलेला गोल डबा. झाकणावर तुझ्या अक्षरातला नऊ. डोमाभाऊने तिच्या आजीकडे दिला होता म्हणे. इतकी वर्षं धानाच्या कोठीत होता. "मास्तर, यंदा हा बी लावा जी," ती म्हणाली, "मायले शेवटवरी पाहाचं हाये." आणि हसली, थेट तिसऱ्या डब्यातल्यासारखी. तिला बसवलंय, पाणी दिलंय. बाकीचे आठ डबे गेले, हे अजून सांगितलेलं नाही. या डब्यात तिची माय आहे की नाही, मला ठाऊक नाही. मशीन तूच चालवायचास, मुखरू. ये.

तुझाच, अजून तरी,
गुणवंत मास्तर