नवांच्या वतीने

ता. ४ फेब्रुवारी

ती. स्व. वहिनीस,
मैनेचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. मी बरी आहे. दादाही बरा आहे, निदान दिसायला. फोन करणार होते, पण चष्म्याच्या दुकानात तुझ्यासमोर कुणीतरी तक्त्यावरची अक्षरं वाचत बसलेलं असतं आणि घरी दादाचे कार्यकर्ते. शिवाय तुझा आवाज ऐकला की मला रडू फुटतं, हे तू माझ्या वेण्या घालायचीस तेव्हापासून तुला माहीत आहे.

मंगळवारी दादा सभागृहात बोलायला उभा राहिला तेव्हा काचेच्या खोलीत माझी पाळी होती. आम्ही दोघं दोघं बसतो, अर्धा अर्धा तास. खासदार आपापल्या भाषेत बोलतात, ते कानावर पडतं तसतसं आम्ही दुसऱ्या भाषेत बोलत जातो, आणि ज्यांना मूळ भाषा येत नाही ते कानाला यंत्र लावून आमचा आवाज ऐकतात. दादा निवडून आला तेव्हाच मी नातं लेखी कळवलं होतं. प्रमुखबाई म्हणाल्या होत्या, काचेच्या आत कुणी कुणाचं नसतं, पाळी ती पाळी.

तर दादा आपल्या नदीवरच्या अर्धवट पुलाबद्दल बोलत होता. पण पूल म्हणेचना. जिना म्हणत होता. नदीवरचा जिना सात वर्षं रखडलाय, जिन्याचे खांब नुसते उभे आहेत. तीन वेळा. आपल्याकडच्या खासदारांना वाटलं टोमणा मारतोय, कारण तो पूल खरंच हवेत संपतो. त्यांनी बाकं वाजवली. दुसऱ्या दिवशी पेपरातही आलं, तू वाचलं असशील. पण वहिनी, मी त्याचा चेहरा पाहत होते. लोक कशाला हसतायत ते त्याला कळलं नव्हतं.

आणि मी काय केलं? तिन्ही वेळा पूल म्हटलं. आमचा मोठा नियम एकच: बोलणारा चुकला तर चूकही जशीच्या तशी पोचवायची. बावीस वर्षांत मी तो मोडला नव्हता. शेजारच्या जोडीदाराने वळून माझ्याकडे पाहिलं.

मागच्या सुट्टीत तुला काही जाणवलं का? खरं सांग. जीव टांगणीला लागलाय.

माया आहेच तुझी, या खेपेला थोडी जास्त पाठव.

तुझी मैना


ता. ९ फेब्रुवारी

चि. मैनेस,
अ. उ. आ.

तुझं पत्र ऐन गिऱ्हाइकांच्या गर्दीत आलं. काउंटरखाली धरून वाचलं, आणि त्या नादात एका आजोबांना बायकी फ्रेम लावून दिली. ते आरशात बघून खूश होऊन गेले, तेव्हा मीही गप्प बसले.

किती गं घाबरट तू! तुझा दादा नावं विसरतो हे काय आजचं आहे? लग्नाच्या वर्षी माझ्या मामांना सगळ्यांदेखत सासरेबुवा म्हणाले होते. माणूस पासष्टीला आला, दिवसाला शंभर जणांशी बोलतो, एखाद वेळी जीभ घसरते. पेपरातलं कात्रण कार्यकर्त्यांनी दुकानाच्या काचेवर चिकटवलंय. येणारा जाणारा जिना, जिना करून हसतो. मीही हसते.

इथवर लिहून दोन दिवस कागद तसाच ठेवला होता. आता पुढचं लिहिते.

मागच्या सुट्टीत म्हणाले, अक्षरं लागत नाहीत, नंबर वाढलाय. मी रीतसर खुर्चीत बसवून डोळे तपासले. तक्त्याची शेवटची ओळसुद्धा त्यांना दिसत होती. फक्त अक्षराचं नाव घेताना अडत होते आणि बोटाने हवेत ते गिरवून दाखवत होते. नंबर होता तोच होता. मी तोच नंबर नव्या फ्रेममध्ये बसवून दिला. म्हणाले, आता कसं लख्ख दिसतंय. मी हो म्हटलं. तीस वर्षं हा धंदा करतेय, असं खोटं कुणाला सांगितलं नव्हतं.

मैने, हे कुणाच्या कानावर जाता कामा नये. चोवीस तारखेला ते जागांचं विधेयक येतंय. नव्या गणतीत आपल्या राज्याची माणसं कमी भरली म्हणून आपले नऊ खासदार आहेत ते सहा करणार म्हणे. चार पक्षांचे नऊ जण, एरवी एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत, पण नवांच्या वतीने बोलायला त्यांनी एकमताने ह्यांना निवडलंय. आता हे बाहेर फुटलं तर दुसऱ्या दिवशी त्यांना घरी बसवतील. मधली निवडणूक हरल्यावर ते पाच वर्षं घरी होते, तू तेव्हा तिकडे होतीस. मी पाहिलंय. सकाळी कडक इस्त्रीचा सदरा घालून बाहेरच्या खोलीत बसायचे, कुणी भेटायला येईल म्हणून. तसं पुन्हा बघायचं बळ माझ्यात नाही.

तूर्त त्यांच्यावर डोळा ठेव. वेळेवर जेवतात का बघ. तूही जेव.

आशीर्वाद नेहमीचेच, काळजी तेवढी नवी.

वहिनी


ता. १५ फेब्रुवारी

ती. स्व. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

काल दुपारी दादाच्या क्वार्टरवर गेले होते. टेबलावर भाषणाचे कागद होते आणि त्यांच्या बाजूला एक छोटी वही. मला वाटलं फोन नंबर असतील. उघडली तर नुसते शब्द. अध्यक्ष. जनगणना. दवाखाना. मतदारसंघ. प्रत्येक शब्दापुढे चित्र काढलेलं, पहिलीच्या पुस्तकातल्यासारखं. मतदारसंघापुढे कुंपण होतं.

दादा दारात उभा होता. आधी माझ्यावर भडकला, म्हणाला, दुसऱ्याच्या वहीत नाक खुपसायची सवय गेली नाही तुझी. मग खाली बसला. त्याला सगळं माहीत आहे, वहिनी. हिवाळी अधिवेशनापासून माहीत आहे. त्या दिवशी मी जिन्याचा पूल केला हेही त्याने छापील अनुवाद वाचून ओळखलं. मला वाटलं होतं त्याला राग येईल. तो म्हणाला, बरं केलंस.

आणि मग म्हणाला, चोवीसला तू पाळी बदलून घे. मी उभा राहीन तेव्हा आत तूच हवीस. ज्यांची मतं हवीत त्या बाहेरच्या खासदारांना आपली भाषा येत नाही. त्यांना माझा आवाज ऐकूच येत नाही, तुझा येतो. मी काहीही बोललो तरी तू बरोबर बोल. भाषणाची एक प्रत त्याने माझ्या पर्समध्ये कोंबली.

म्हटलं, अरे, आपल्या आठ जणांना तर भाषा येते, त्यांना कळेल. म्हणाला, त्यांचं मी बघतो. मागच्या बाकावरची ती नर्सबाई हल्ली माझ्याकडे पेशंटकडे बघावं तशी बघते, तेवढी सोडली तर कुणाला संशय नाही. ह्या नर्सबाई म्हणजे आपल्या नवांतल्या सगळ्यात नव्या, दादाच्या विरुद्ध पक्षातल्या. पूर्वी वॉर्डात काम करायच्या.

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. काल संध्याकाळी प्रमुखबाईंच्या दारापर्यंत दोनदा गेले आणि परत आले. नियम मोडला तर माझी नोकरी जाईल. त्याची मला तितकी भीती नाही. पण लहानपणापासून ज्याने मला कधी काही मागितलं नाही, त्याने पहिल्यांदाच हे मागितलंय. मी काय करू?

उत्तर लगेच टाक. तुझ्या शब्दाची वाट बघत,

मैना


ता. १९ फेब्रुवारी

चि. मैनेस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचल्यावाचल्या लिहिलं होतं, की कर, एवढं एकदा कर, पुढचं पुढे. पाकीटही बंद केलं. मग एक बाई आपल्या सासूला घेऊन आली. सासूला मोतीबिंदू, सून म्हणे त्यांना सांगू नका, नुसता चष्मा द्या, बिचाऱ्या घाबरतील. मी त्या सुनेला चांगली फैलावर घेतली, ऑपरेशन लांबवून डोळे घालवणार का म्हणून. ती गेली आणि मी काउंटरवर तशीच बसून राहिले. मग पाकीट फाडलं.

अगं, मी त्यांना खोटा नंबर दिला, तू खरा शब्द त्यांच्या तोंडी घातलास. दोघींनी प्रेमानेच केलं. पण ते तिकडे एकटे बसून वहीत कुंपणं काढतायत.

काल फोन करून मी त्यांना सांगितलं, की चष्मा जुन्याच नंबरचा आहे, डोळ्यांना काही झालेलं नाही, आपण मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ. मग म्हणाले, बैठक आहे, आणि ठेवला. तेव्हापासून उचलत नाहीत. येते म्हणून निरोप ठेवला तर उलट निरोप आला, की चोवीसच्या आधी कुणी येऊ नये.

तू आत बसू नकोस. तू सगळं सावरलंस तर आपण स्वतः काय बोललो हे त्यांना कधी कळणारच नाही. रागावतील. तुझ्यापेक्षा माझ्यावर जास्त रागावतील, तेव्हा तू निश्चिंत राहा.

जपून राहा, त्यांना जप, आणि मला कळवत जा.

वहिनी


ता. २५ फेब्रुवारी

ती. स्व. वहिनीस,
शि. सा. न. वि. वि.

काल फोनवर तू निकाल ऐकलासच. बाकीचं फोनवर सांगवेना, म्हणून लिहिते.

दादाला मी नाही म्हटलं त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नव्हता. काल मी प्रमुखबाईंना लिहून दिलं की आज मला पाळी नको. त्यांनी कारण विचारलं नाही. मी वर प्रेक्षकांच्या सज्जात जाऊन बसले, कानाला यंत्र न लावता. इतक्या वर्षांत दादाला मी असं नुसतं कधी ऐकलंच नव्हतं.

पहिली दोन पानं छान झाली. कागदावर बोट ठेवून सावकाश वाचत होता. पण तुला त्याची सवय माहीत आहे, रंगात आला की मान वर करतो. तिसऱ्या पानावर त्याने मान वर केली, म्हणाला, आमचे नऊ, आणि थांबला. पुन्हा म्हणाला, आमचे नऊ. समोरच्यांना वाटलं, मुद्दाम थांबलाय. माझ्या ओठांवर तो शब्द होता, मतदारसंघ, मतदारसंघ. सज्जाचा कठडा मी इतका घट्ट धरला होता की पहारेकऱ्याने येऊन मागे व्हायला सांगितलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून नर्सबाई उठल्या आणि त्याच्या कोपराला हात लावून उभ्या राहिल्या. मला वाटलं आता हा त्यांचा हात झटकतो. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग पान त्यांच्या हातात दिलं, ओळीवर बोट ठेवून दाखवलं आणि अगदी स्वच्छ म्हणाला, अध्यक्ष महोदय, माझी तब्येत ठीक नाही, पुढचं ह्या वाचतील. आणि बसला.

बाईंनी वॉर्डातला तक्ता वाचावा तसं वाचलं. ना चढ ना उतार. एके ठिकाणी एक ओळ गाळली, तर ह्याने त्यांची बाही ओढून ती पुन्हा वाचायला लावली.

एक्केचाळीस मतांनी हरलो. एक्केचाळीस, वहिनी. दादा ऐन भरात असता तरी एवढी मतं फिरली नसती. त्यांची मतं आधीच ठरलेली होती. आपण दोघी तीन आठवडे उगाच जीव मुठीत धरून बसलो.

नंतर दादा मला बाहेर भेटला. कुठे बसली होतीस म्हणाला. वर, म्हटलं. म्हणजे मलाच ऐकलंस, म्हणाला. हो म्हटलं. कसं झालं, त्याने विचारलं. मी सांगितलं, दोन पानं उत्तम झाली, तिसऱ्यावर अडलास. त्याने मान हलवली आणि माझा खांदा धरून चालायला लागला. नर्सबाईंनी त्यांच्या ओळखीच्या मेंदूच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलंय. तुमच्याच शहरातले आहेत. उद्याच्या गाडीने त्याला घेऊन निघतेय, हे पत्र बहुधा आमच्या मागून पोचेल. तरी वाच.

तुझ्या पायाशी येतेच आहे,

मैना


ता. १४ मार्च

चि. मैनेस,
अ. उ. आ.

हे पत्र मी स्वतः लिहितोय, तीन दिवस लागले. तुझी वहिनी शेजारी बसली आहे पण तिला शब्द सांगायची मनाई केली आहे. जिथे अडलो तिथे जागा सोडून पुढे गेलो आणि नंतर भरली. दोन जागा भरल्या नाहीत, त्या तू समजून घे.

मी रागावलो होतो. आता नाही. तू आत बसली असतीस तर मी अजून बोलत राहिलो असतो, आणि लोक तुला टाळ्या वाजवत राहिले असते.

राजीनामा देत नाही. मुदत दीड वर्ष आहे. मत द्यायला             लागत नाही, आणि प्रश्न लेखी देता येतात. नर्सबाई ते तपासून देणार आहेत. त्यांचं शुद्धलेखन भयंकर आहे, तेव्हा मीही त्यांचे तपासतो. पुढच्या निवडणुकीत माझा मतदारसंघ नकाशातून जाणार, म्हणजे मला पाडायचे कष्ट कुणाला नकोत.

डॉक्टरांकडे गेलो. तपासण्या झाल्या. आजाराला लांबलचक नाव आहे, ते वहिनी कळवील. बरा होत नाही, हळू हळू चालतो म्हणाले. पाच वर्षं, सात वर्षं, सांगता येत नाही. मला            वाटली, तुला खोटं कशाला सांगू.

त्यांनी मला एका मिनिटात जमतील तेवढ्या प्राण्यांची नावं सांगायला लावली. मला गाय आठवली आणि मांजर. मग काही येईना. ते घड्याळाकडे बघत होते. नुसतं बसवेना म्हणून मी आपल्या राज्याच्या नऊ खासदारांची नावं मतदारसंघासकट घडाघडा सांगून टाकली. वहिनी हसली, आणि लगेच उठून बाहेर गेली. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी त्यांना म्हटलं, डॉक्टर, पुढच्या निवडणुकीनंतर मी सहाच सांगेन, ती माझी चूक धरू नका.

अधिवेशन संपलं की ये. लोभ तुझा आहेच, तो मला मोठ्याने सांगत जा.

दादा