उत्तरेच्या उजेडातली रुई

नाना, आज शिंदखेड्याजवळच्या माळावर गेले होते. तिथे आम्ही एक खांब उभा केलाय. त्याच्या टोकावरचं यंत्र खालच्या उघड्या जमिनीवरून परतणारा उजेड दिवसभर आपोआप मोजत राहतं, शेकडो बारीक रंग वेगळे करून. सकाळी साडेदहाच्या सुमारास डोक्यावरून उपग्रह जातो, तोही तीच जमीन बघतो, आणि मग आम्ही दोघांची उत्तरं शेजारी ठेवतो. वर गेलेल्या उपग्रहाची नजर हळूहळू उतरते. निळा रंग त्याला आधी कमी दिसायला लागतो, आणि त्याचं त्याला कळत नाही. खालून कोणीतरी सांगावं लागतं. तुम्ही असता तर हसला असता, एवढ्यासाठी एवढी शिकलीस का म्हणून.

शिकले ते तुमच्याकडेच. रविवार आहे, मी सातवीत. देवपुरातून तुमच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून पांझरेचा पूल ओलांडते. सरकी काढून रुई वेगळी करणाऱ्या जिनिंगमध्ये तुम्ही ग्रेडर. आलेली रुई कोणत्या दर्जाची, हे तुमच्या शब्दावर ठरतं, तिथे सेठजीसुद्धा मध्ये बोलत नाहीत. उत्तरेच्या खिडकीखाली काळं कापड, त्यावर प्रत्येक दर्जाच्या ठरलेल्या नमुन्यांची पेटी. कामाला लागण्याआधी तुम्ही त्या पेटीकडे बराच वेळ बघत बसता. ‘आधी डोया सरखा कर, मंग कापूस दख,’ असं मलाही सांगता. मग एक पुंजका माझ्यापुढे धरून विचारता, ‘हाऊ कसा दिखस तुले?’ सगळ्या जिनिंगमध्ये तुम्ही फक्त मला विचारायचात. एकदा मी खिडकीबाहेर बघतच ‘चांगला आहे’ म्हटलं, तर सगळ्यांदेखत झापलंत, ‘न दखता सांगू नको.’ घरी येईपर्यंत मी गाल फुगवून होते. दारात आईनं तुमच्या रुईनं पांढऱ्या झालेल्या भुवया पाहिल्या आणि न ओळखल्यासारखं करत म्हणाली, ‘हाऊ म्हतारा कोन उना व?’ मग कळण्याची भाकरी आणि ठेच्यापुढे माझा रुसवा काही टिकला नाही.

पुढच्या हंगामात तुमचं बिघडलं. तुम्ही रुई खिडकीच्या अगदी जवळ नेऊ लागलात, पुन्हा पुन्हा डोळे पुसू लागलात. एका रविवारी तुम्ही पुंजका धरलात आणि विचारलंत, ‘पांढरा शे ना?’ तो पिवळा होता, नाना. पेटीतल्या नमुन्याशेजारी तर उघड उघड पिवळा. तुम्हाला मात्र दोन्ही सारखे दिसत होते. मी नीट बघितलं, आणि ‘हो, पांढरा आहे’ म्हटलं. त्या दिवशी तीन वेळा म्हटलं.

त्या रुईच्या गाठी गिरणीतून परत आल्या. सेठजींनी आवाज चढवला नाही, पण सगळी माणसं हातचं काम सोडून बघत होती. तुम्ही ताठ उभे राहून म्हणालात, ‘मन्ही पोरनी बी दखेल शे. ती खोटं बोलस नही.’ मी तिथेच पेटीशेजारी होते. दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला फाटकावर, वजनकाट्याच्या खोलीत बसवलं. खिडकीखाली दुसरा माणूस आला. तुम्ही घरी कधी तक्रार केली नाहीत, फक्त रविवारी सायकल काढणं बंद केलंत.

आमच्या उपग्रहाची नजर उतरलीय, हे खांबावरच्या यंत्रानं या महिन्यात दाखवून दिलं. माझ्या हाताखालची मुलगी म्हणाली, ‘ताई, निळ्यात सारखं कमी येतंय.’ आम्ही सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या, दुरुस्तीचा आकडा काढला, आणि आज दुपारी उपग्रह पुन्हा कामाला लागला. त्याला कोणी फाटकावर बसवलं नाही. त्या यंत्राला उपग्रहाची माया नाही, हे किती बरं. परतताना गाडीत मला एकदम रडू आलं, ड्रायव्हरला सांगितलं धूळ गेली म्हणून.

तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते किती उशिरा. पट्टी निघाली तेव्हा तुम्ही भिंतीकडे, आईच्या लुगड्याकडे, सगळ्याकडे बघत म्हणालात, ‘बठ्ठं कसं निळं दिखी ऱ्हायनं व!’ मग माझ्याकडे बघितलंत, बराच वेळ. मला वाटलं, आता विचारणार. तुम्ही पाणी मागितलंत.

सगळ्यांना वाटतं, मी हे काम कापसामुळे निवडलं, आणि मी ते वाटू देते. मनाशी म्हणत आले की तेव्हा मला तुमची दया आली, म्हणून खोटं बोलले. हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवायचं ठरवलं होतं, तेही आता करणार नाही, कारण खरं कारण एवढंसं आहे. खरं सांगितलं असतं तर तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला असतात, बरे झाला असतात, आणि मग मला विचारायची तुम्हाला गरजच उरली नसती.