काय दिसतंय ते सांग

मंगळवार, ४ मार्च

...आणि मग दुसरी बादली घेऊन गच्चीवर गेले. दोन चादरी, उशांचे अभ्रे, लेकीचा गणवेशाचा शर्ट. त्याआधी दूध तापवलं, भाजी चिरून झाकून ठेवली, कुंड्यांतली सुकी पानं काढली. रोजच्यासारखीच सकाळ. मुद्दाम आठवून लिहितेय, कारण चादर तारेवर टाकताना मी वर पाहिलं होतं. एक मोठं विमान उतरायला येत होतं आणि त्याच्या अगदी जवळ एक इवलंसं. घारीशेजारी चिमणी. तोंडात चिमटा धरून बघत राहिले — काय छान दिसत होतं! मग चिमणी एकदम कलंडली आणि बाजूला गेली. मोठं गरजत पुन्हा वर चढलं. मी दुसरी चादर झटकली.

लेक दुपारीच घरी आली, ड्यूटी संपायच्या आत. विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून विमानांना वाट देते ती. चप्पल न काढताच खुर्चीवर बसली.

"आई, आज माझ्या हातून दोन विमानं एकमेकांवर आदळली असती."

चिमणीचं मी काही बोलले नाही.

बुधवार, ५ मार्च

आज तिनं जेवणाच्या टेबलावर मांडून दाखवलं. दोन वाट्या म्हणजे दोन मोठी विमानं, एकामागून एक उतरायला येणारी. मिठाची डबी म्हणजे छोटं. कुणा दातांच्या डॉक्टरचं स्वतःचं आहे म्हणे. डबीनं दुसऱ्या वाटीच्या मागून वळायचं. हिनं रेडिओवर विचारलं, उतरणारं मोठं विमान दिसतंय का? डॉक्टर म्हणाले, दिसतंय. ही म्हणाली, त्याच्या मागून वळा. पण त्यांना दिसली होती पहिली वाटी! तिच्या मागून वळले ते थेट दुसरीच्या वाटेत.

तेवढ्यात हिनं पुन्हा विचारलं — काय दिसतंय तुम्हाला, कुठल्या बाजूला? ते म्हणाले, उजवीकडे, धावपट्टीच्या तोंडाशी. हिला हवं होतं ते डावीकडे होतं. मग एका दमात तिनं त्यांना बाजूला काढलं आणि मोठ्याला वर पाठवलं. त्यात पावणेदोनशे माणसं होती.

"वाचवलंस की," मी म्हटलं.

"आधी वळा म्हटलं आणि मग विचारलं. उलटं हवं होतं." डबी हातात घेऊन बसली. "आणि खोटं कुणीच बोललं नाही, आई. त्याचीच भीती वाटते."

शनिवार, ८ मार्च

लेक त्या दिवशीचं थोडंथोडं सांगते. विमानं एकमेकांपासून लांब गेल्यावर टॉवरमधली शेजारच्या खुर्चीवरची बाई येऊन हिच्यामागे उभी राहिली. आकाशात कोण कुठे आहे ते सगळं हिच्याकडून समजून घेतलं, मगच हिची खुर्ची घेतली. साहेबांनी पाणी दिलं. 'कसं गं झालं' असं कुणी विचारलं नाही. चौकशी होईल तेव्हा होईल, तोवर गप्प — ही त्यांची रीतच आहे.

मला फार आवडलं हे. आमचे हे गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच, दवाखान्यात लवकर का नाही नेलंत. पाणी कुणी दिलं होतं ते आठवत नाही.

बुधवार, १२ मार्च

कागदपत्रांच्या विभागात बदली मागणार म्हणते. दिवसभर आडवी. मी काही बोलायला गेले की कूस बदलते.

तिची शिकतानाची पुस्तकं काढून वाचतेय, शब्दकोश मांडीवर घेऊन. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं ह्यांनी टेम्पोतून आणलेल्या जुन्या पुस्तकांवर. यातलं निम्मं डोक्यावरून जातं. पण वर एकही रस्ता आखलेला नाही आणि तरी प्रत्येकाला आपली वाट आहे, हे वाचून गच्चीवर जाऊन आले. एवढं सगळं ही नुसत्या आवाजानं सांभाळते! लहानपणी शेजारणीकडे विरजण मागायलासुद्धा लाजायची.

बुधवार, १९ मार्च

चौकशी झाली. तिच्यावर ठपका नाही. डॉक्टरांना पुन्हा शिकवणी. काही दिवस शिक्षक शेजारी असल्याशिवाय उडायचं नाही. साहेब हिला म्हणाले, तुम्ही म्हणाल त्या दिवशी या, जोडीला कुणीतरी बसेल. तरी ही नाहीच म्हणते.

चौकशीत तिला विचारलं म्हणे, एकदा 'दिसतंय' म्हटल्यावर पुन्हा विचारायचा नियम नाही, मग का विचारलंत? ही म्हणाली, घरची सवय.

मला आधी कळेना. मग कळलं, आणि गॅस बंद करून खाली बसले.

ह्यांचा टेम्पो गल्लीत मागे घ्यायचा असला की मी मागे उभी राहायची. हे ओरडायचे, "मागं मोकळं आहे का?" आणि मी, अर्धं लक्ष चुलीवर, "या, या!" एकदा त्या 'या या'नं फाटकाचा खांब आडवा झाला. तेव्हापासून ह्यांनी प्रश्नच बदलला. "अगं, काय दिसतंय ते सांग." मग बघावंच लागायचं. डाव्या हाताला सायकल, मागे कुत्रं झोपलंय, उजवीकडे मोकळं. मला राग यायचा — काय मेली परीक्षा! लेक पुढे ह्यांच्या शेजारी बसून सगळं ऐकत असायची.

पावणेदोनशे माणसं आपापल्या घरी गेली. त्यांना आमचे हे कोण ते माहीतही नाही.

रविवार, २३ मार्च

ह्यांचा चष्मा पुसला. परत कपाटात ठेवला.

शनिवार, २९ मार्च

दातांचे डॉक्टर आले होते. साठीचे असतील, टोपी हातात. लेक आतून बाहेर येईना, तर माझ्याशीच बोलत बसले.

"ताई, दात काढायच्या आधी मी दहादा बघतो, दुखतोय तो हाच ना. वर मात्र एकदाच बघितलं."

मी म्हटलं, माझी दाढ दुखतेय, पण आता विचार करून दाखवीन. हसले, आणि हसता हसता डोळे पुसले. उद्या शिक्षकांबरोबर पहिल्यांदा उडणार आहेत. म्हणाले, टॉवरमध्ये तुमची लेक असती तर बरं होतं.

ते दाराबाहेर पडताना लेक दिसली, पडद्याशी उभी.

"ऐकलंस?" मी विचारलं.

"मी नाही बसणार. वर कुणी असलं की मला तेच दिसतं."

"मग वर मी असेन."

"आई, वेड लागलंय का तुला? तू झोक्यावर बसत नाहीस."

"नाही बसत," मी म्हटलं आणि जिन्यावरून डॉक्टरांना हाक मारली. उद्या विमानात मागे जागा आहे का विचारलं. आहे म्हणाले.

लेक आत निघून गेली. पण गणवेशाच्या शर्टाला इस्त्री केली. वास आला मला.

रविवार, ३० मार्च

आज सकाळी मी डॉक्टरांच्या विमानात मागे बसले. पुढे ते आणि शिक्षक. माझ्या कानांवरही रेडिओ चढवला होता. परत येताना त्यात लेकीचा आवाज आला, सरळ आणि शांत. मोठं विमान उतरायला येतंय, तुम्हाला काय दिसतंय ते सांगा.

डॉक्टरांनी मान वळवली. त्यांच्या आधी मी नीट बघितलं, बोट केलं आणि मोठ्यानं सांगितलं — डाव्या हाताला, पांढरं, शेपटीवर निळा पट्टा.