अडीच तासांचं मस्कत

गृहस्वामिनी रेवतीबाई यांस मस्कतहून सविनय तक्रार सादर.

माणूस प्रवासाला निघाला की तो पोचेपर्यंत घरात झाडू लावत नाहीत, हे शास्त्र आईनंच तुला शिकवलं. मुंबई ते मस्कत विमानाला अडीच तास, एवढंच मी बोललो होतो. तेवढ्यावर आई घड्याळ पाहून म्हणाली, “पोचला असन तो, झाड आता!” आणि तू झाडलंस! मी तेव्हा जालन्याला गाडीची वाट पाहत होतो, देवी.

असो. सुखरूप आहे. पहाटे देवळातली पूजा, संध्याकाळी मुलांना स्तोत्रं. अंग आंबून जातं, पण तुझे सांडगे पुरवून खातोय. तू वेळेवर जेवतेस ना?

फोन आईपुढे स्पीकरवर असतो, म्हणून हे कागदावर लिहून सुटीवर निघालेल्या माणसाच्या हाती देतो. परवा ती म्हणाली, “मले काही झालं तर तू अडीच घंट्यात येशीनच.” मी हो म्हटलं. खरं तर रजा, तिकीट आणि आपल्या डोणगावापर्यंतची वाट धरून दोन दिवस लागतील. तिची धाप वाढली की लगेच कळव. रेवती, मी वेळेत पोचणार नाही, याची मला फार भीती वाटते.

तुझा,
शरच्चंद्र