आईच्या लिंबाला पाणी

३ मार्च, संध्याकाळ
आत्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मातीत हात घाल, झाडाचं कर, मन हलकं होईल. माझं मन जड नाहीच. शाळा सोडली ती वर्गात उभं राहिलं की आवाज फुटायचा नाही म्हणून. मनाचा काय संबंध? जड झालेत ते बाबा. आई गेल्यापासून घरात चहा ठेवलाय आणि दार लाव, एवढंच बोलणं.
म्हणून गॅलरीतलं आईचं लिंबाचं झाड आजपासून माझं. रंगाच्या जुन्या बादलीत आहे. आजवर एक लिंबू दिलं नाही.
प्लॅन: फूल आलं की बाबांशी बोलायचं. आईबद्दल. पूर्ण वाक्य.

६ मार्च
लाँड्रीतल्या कामावरून आल्यावर तांब्याभर पाणी. माती आधीच ओली. म्हणजे कालचं टिकलंय. माझ्या हाताला गुण आहे.

११ मार्च
मालकीणबाई म्हणाल्या, आज गिऱ्हाइकाला मान तरी हलवलीस, नाहीतर नुसती खांबासारखी. प्रगती.
बाबा नाइट ड्यूटीवरून येतात तेव्हा मी कामावर. मी येते तेव्हा ते निघायच्या गडबडीत. बोलायला वेळच नाही. फूल आल्यावर काढू.

१७ मार्च
पानं पिवळी पडलीत. आत्या म्हणाली, तहानलं असेल गं बिचारं. आजपासून दोन तांबे.

२२ मार्च
पानं गळतायत. नवी यायची तर जुनी जाणारच. बादलीला वास येतोय. खताचा असेल. खत घातलेलं नाही, पण असेल.
बाबा जेवताना म्हणाले, लिंबू कसंय? म्हटलं, छान. म्हणाले, हो, छानच. गप्पाच झाल्या म्हणायच्या.

२९ मार्च, सुट्टी
उशिरा उठले. दुपारी बादली नर्सरीवाल्या काकांकडे नेली. त्यांनी झाड नुसतं धरलं तर उपटूनच हातात आलं. मुळं काळी, लिबलिबीत. म्हणाले, पोरी, हे तहानेनं नाही, बुडून मेलं. पाणी कोण घालतं? म्हटलं, मी एकटीच, संध्याकाळी. त्यांनी बादली तिरकी केली. खालून पाणी टपकलं. म्हणाले, कालचं एवढं टपकत नाही, मग हे आज सकाळचं कुणाचं?
घरी आले. बाबा झोपेतून उठून बसले होते. बादलीत नुसती माती बघितली. म्हणाले, ड्यूटीवरून आलो की मी घालायचो. आत्या म्हणाली होती, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, झाड जगलं तर पोरगी बोलायला लागेल.
माझं वाक्य तयार होतं. बाबा, मला आईची आठवण येते. कितीदा घोकलेलं. तोंड उघडलं आणि म्हटलं, चहा ठेवू?
म्हणाले, ठेव.

३० मार्च
फूल आलं की बोलायचं असं ठरलं होतं. आता फूल येणार नाही. मग बोलायचंही नाही. ठरलं म्हणजे ठरलं.
बादली गॅलरीतच ठेवली, आईची आहे म्हणून. लाँड्रीतून आल्यावर सहज हात लावला. माती ओली होती.
मी पण तांब्याभर घातलं.