गाडी वळताना अडते

१० जानेवारी

पुन्हा तेच! साठच्या पुढे गेलं की मागून घूं-घूं, आणि पेट्रोल पंपात आत वळायला गेलो की गाडी मोकळी वळत नाही, अडकत अडकत वळते. मागून कुणी धरून ठेवल्यासारखी. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी आहे ही, साधीसुधी नाही. नागपूरहून जुनी घेतली तेव्हा आमच्या या गोंदियाजवळच्या गोरेगावात ज्याने त्याने तोंड वाकडं केलं होतं. अरे, इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठच्या चिखलात पंप घेऊन मी जातो, तुम्ही जाता का? उन्हाळी धानाला पाणी सुटलं आहे, उंचावरच्या बांध्यांतल्या रोपांना पाणी चढवणारे पंप आत्ताच बिघडतात, रोज दोन-तीन जणांचे फोन. आणि नेमकी आत्ताच हिला ही थेरं सुचली.

इंद्रकुमार आमच्या पंपांच्या दुकानातून ओरडला, "दादा, विकून टाक ना. कायले डोकं खपवून राहिला?" धाकटा भाऊ आहे म्हणून ऐकून घेतो. त्याला गाडीतला फक्त हॉर्न कळतो.

विकणार नाही. ज्या दिवशी मी मागे बसून कुणाला तरी "जरा तिकडून घे" म्हणेन, त्या दिवशी मी संपलो.

१२ जानेवारी

गोंदियाला रामलालकडे गेलो. असल्या गाडीला हात लावणारा इकडे तो एकच मिस्त्री. गाडी वर उचलली, एकेक चाक हाताने फिरवलं, दुसरा हात स्प्रिंगवर ठेवून. मागच्या उजव्या चाकाशी थांबला. "बेअरिंग गया साहब. हात में झनझन आती है." बदललं. येताना घूं-घूं नाही. चला, सुटलो म्हटलं.

घराच्या वळणावर गाडी अडकली.

फोनवर रामलालला इतकं बोललो की समोर बसलेली बायको, मंजू, उठून स्वयंपाकघरात गेली. तिला काय झालं? मी तिला थोडंच बोलत होतो.

१५ जानेवारी

आज कुणाशीच बोललो नाही. बरं वाटलं.

१७ जानेवारी

सापडलं! आणि गुन्हेगार घरातलाच. रामलालने चारही टायरना मोजायची फीत लावली. मागचे दोन नवे, पुढचे दोन झिजलेले, घेर वेगळा. "छोटा चक्का ज्यादा घूमेगा, बडा कम. और बीच की शाफ्ट ने दोनों को बांध के रखा है. अटकेगी नहीं तो क्या?" दिवाळीत टायर बदलायला इंद्रकुमारला पाठवलं होतं. दोनच टाकून आला!

"मागचेच दोन फाटले होते न दादा. बाकीचे चांगले होते, काऊन फेकायचे?"

वा. चांगले होते. भर दुकानात त्याला झाडला. गिऱ्हाईक उभं होतं, असू दे. मग पुन्हा गोंदियाला जाऊन चारही टायर एकसारखे टाकून घेतले. रामलालच्या आवारात स्टिअरिंग टोकापर्यंत वळवून गाडी गोल फिरवली. आधी टायर फरफटायचे, ते थांबलं. हे मान्य, नाही कसं म्हणू?

पण स्टिअरिंग अजून मोकळं फिरत नाही. मधेच थांबतं, सुटतं, पुन्हा थांबतं. रामलाल म्हणाला, नये टायर हैं, दो दिन चलाइए. म्हटलं चालवतो.

२० जानेवारी

बाजाराचा दिवस. बसस्टँडजवळ डावीकडे वळत होतो. गाडी वळता वळता अडली आणि सरळ पेरूच्या हातगाडीवर गेली. पेरूवाली बाई बाजूला झाली म्हणून वाचली. एक वीतसुद्धा अंतर नव्हतं.

सगळा बाजार गोळा झाला. पेरू रस्ताभर. एक जण म्हणाला, "मामाजी, तुमी गाडी चालवून राहिले का झोपून राहिले?" मी खाली उतरलो आणि त्याच्या अंगावर गेलो. मला धरलं लोकांनी. त्या बाईला एक शब्दही बोललो नाही, तिला लागलं का तेही विचारलं नाही. घरी आल्यावर आठवलं. त्यामुळे आणखी डोकं फिरलं.

हा रामलाल माणूस मारायला लावणार माझ्या हातून.

२२ जानेवारी

रामलालला म्हटलं, आज सोडवल्याशिवाय हलणार नाही. त्याने वाद घातला नाही. खाली शिरला आणि पुढून मागे जाणारी लांब शाफ्टच काढली. काढून भिंतीला टेकवून ठेवली, मला दिसेल अशी. "अब पीछे ताकत जाती ही नहीं साहब. अब ये गाडी बाकी गाडियों जैसी. अब अटक ही नहीं सकती."

तो गाडी घेऊन गेला. जवळच्या तलावाशी वळवून आणली. "मक्खन."

मी बसलो, तो शेजारी बसला. त्याच तलावाशी वळलो आणि गाडी अडकली. तशीच! म्हटलं, बघ. हे काय आहे?

तो म्हणाला, "साहब, मैं बगल में बैठा था. गाडी नहीं अटकी."

"मग काय अटकलं?"

"चलिए साहब, गाडी वापस ले चलते हैं." चोर. खोटारडा. उत्तर येत नसलं की ही माणसं असा विषय बदलतात. शाफ्ट परत बसवायला लावली आणि निघून आलो. त्याचा चहा घेतला नाही.

२४ जानेवारी

मंजू म्हणाली, "अजी, एकदा गुंजनले चालवू द्या ना." बायकोचं ऐकलं, ही चूक.

पोरगी कॉलेजला सुट्टी म्हणून घरी. आमगाव रोडवर तिने गाडी नेली, रिकाम्या जागेत वळवली. एका हाताने. आवाज नाही, अडकणं नाही. म्हटलं, पुन्हा. पुन्हा वळवली. उजवीकडून, डावीकडून. गाडी अशी फिरत होती की मला पोरीची नव्हे, गाडीचीच चीड आली. माझ्याशी वैर आहे का हिचं?

मग मी बसलो. अडकली.

गुंजन रस्त्याकडे बघतच नव्हती. "बाबा, तुमचा डावा हात सुटतच नाही स्टिअरिंगवरून. उजवा वळवून राहिला आणि डावा धरून राहिला."

"धरूनच चालवायची असते गाडी."

"एकदा डावा हात मांडीवर ठेवून वळवा ना."

हिला सायकल मी शिकवली. मागे कॅरिअर धरून धावलो आहे हिच्या. आणि ही मला शिकवते, हात कुठे ठेवायचा! नाही ठेवला. घरापर्यंत दोन्ही हातांनीच चालवली. फाटकाशी दोनदा मागेपुढे करून गाडी आत घेतली. ती खाली उतरून बाजूला उभी होती, मदत करायची हिंमत नव्हती तिची.

२५ जानेवारी

इंद्रकुमारने आज गाडी विकायचं नाव काढलं नाही. उलट म्हणाला, "दादा, कालव्यावर मी जातो, तू बस." एवढं गोड कधीपासून बोलायला लागला? सगळे मिळून काहीतरी बोलून राहिले माझ्यामागे, मला कळतं.

संध्याकाळी मंजूला विचारलंच. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सकाळी शर्टाची बटनं लावाले तुमाले किती वेळ लागून राहिला, मी रोज पाहून राहिली."

"थंडी आहे. बोटं आखडतात."

"उजव्या हाताची काऊन नाई आखडत?"

भाजीचं ताट उडवलं मी. मेथी सगळ्या घरभर. तिने गोळा केली, पुन्हा निवडायला बसली. रडली नाही, भांडली नाही. तिने भांडायला हवं होतं. असं गप्प राहून मला घाबरवतात हे लोक.

२६ जानेवारी

कुणी नसताना गाडीत बसलो. डावा हात मांडीवर ठेवला. फाटकातून बाहेर काढली आणि वळवली.

मोकळी वळली.

मग डावा हात वर ठेवला आणि पुन्हा वळवली. अडकली. पुढे लिहीत नाही. गाडी तीच, फरक फक्त हाताचा. रामलालला मी चोर म्हटलं होतं.

२९ जानेवारी

नागपूर. गाडी गुंजनने चालवली, मी शेजारी बसलो. डॉक्टरांनी मनगट धरून माझा डावा हात कोपरातून वाकवला. थोडा वाकला, थांबला, सुटला, पुन्हा थांबला. म्हणाले, "हात सैल सोडा." मी म्हटलं, सैलच सोडलाय.